एजंटसाठी फाइल सेव्ह करण्याचे साधन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाषा-मॉडेल स्वतः कोणतीही फाइल लिहीत नाही. ते फक्त मजकूर तयार करते. त्या मजकुरात 'हे साधन, ही माहिती देऊन चालवा' अशी मागणी आली की भोवतीचा प्रोग्राम ती पुरी करतो आणि निकाल मॉडेलपुढे ठेवतो. अशा फेऱ्या करत काम तडीस नेणाऱ्या व्यवस्थेला एजंट म्हणतात. ओपनएआयने जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' खुले केले, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' म्हणजे एमसीपी जाहीर केला, आणि अशी साधने लिहिणे हे प्रोग्रामरांचे रोजचे काम होऊन बसले. मॉडेलला साधनाची ओळख होते ती तीन गोष्टींतून: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची ते सांगणारा स्कीमा. आतला कोड सहसा त्याच्यापुढे नसतो. फाइल सेव्ह करणे हे या साधनांतले सर्वांत सोपे काम समजले जाते, म्हणून त्याचे डॉक्युमेंटेशन सगळ्यात शेवटी आणि घाईत उरकले जाते. त्या घाईमागे काही ठाम समजुती असतात.

"सेव्ह म्हणजे काय ते मॉडेलला माहीतच आहे. 'फाइल सेव्ह करते' एवढी ओळ पुरे."

मॉडेलला सेव्हबद्दल काहीही विचारले तरी ते व्यवस्थित उत्तर देते, म्हणून ही समजूत पटते. पण सेव्ह या नावाखाली परस्परविरोधी वागणुकी रूढ आहेत. युनिक्समधली 'सीपी' ही आज्ञा त्याच नावाची जुनी फाइल न विचारता बदलून टाकते. ब्राउझर डाउनलोड करताना नावापुढे कंसात १ लावून दुसरी प्रत ठेवतो. वर्ड प्रोसेसर खिडकी उघडून परवानगी मागतो. पायथनमध्ये फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी जातो, 'ए' मोडमध्ये नवा मजकूर शेवटी जोडला जातो, आणि ३.३ या आवृत्तीत आलेल्या 'एक्स' मोडमध्ये फाइल आधीपासून असेल तर काम तिथेच थांबते. मॉडेलने हे सगळेच प्रकार वाचलेले असतात. समोरचे साधन त्यांपैकी कोणासारखे वागते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. मग ते अंदाज बांधते. तो अंदाज बहुतेक वेळा खपून जातो, कारण चाचणी घेणारा रिकाम्या फोल्डरात चाचणी घेतो आणि रिकाम्या फोल्डरात वरच्या सगळ्या वागणुकी सारख्याच दिसतात.

एमसीपीच्या नमुना फाइलसिस्टम सर्व्हरमध्ये फाइल लिहिण्याचे जे साधन आहे, त्याचे वर्णन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ते नवी फाइल तयार करते किंवा असलेली पूर्णपणे बदलते. बदलताना कोणताही इशारा देत नाही, म्हणून जपून वापरावे. परवानगी दिलेल्या फोल्डरांतच ते चालते. मोजकीच वाक्ये, पण त्यांत सर्वांत धोकादायक गोष्ट आरंभीच सांगून टाकली आहे. अँथ्रोपिकच्या मार्गदर्शनातही प्रत्येक साधनाला निदान तीन-चार वाक्यांचे वर्णन द्यावे असे म्हटले आहे. साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि कोणत्या मर्यादा आहेत, हे सांगायला तेवढी वाक्ये लागतातच.

"जुनी फाइल असेल तर साधन आधी विचारेल."

कोणाला विचारेल? पडद्यावरची 'बदलू का?' ही खिडकी माणसासाठी असते. एजंट चालत असताना समोर माणूस असेलच असे नाही, आणि साधनाला मॉडेलशी बोलण्याचा एकच मार्ग असतो: निकाल परत करणे. म्हणजे साधन एक तर फाइल बदलते, नाही तर नकार देते. विचारल्यासारखे वागायचे असेल तर तो नकारच प्रश्नाचे काम करतो. 'या पाथवर फाइल आधीच आहे, काहीही बदललेले नाही. बदलायचीच असेल तर ओव्हरराइट हा पर्याय चालू करून पुन्हा मागणी करावी' असा निकाल आला की मॉडेलला थांबून ठरवता येते. 'फाइल आहे का ते आधी तपासा आणि मग लिहा' ही सूचना वर्णनात घालणे हा मात्र अर्धवट उपाय आहे. तपासणे आणि लिहिणे यांच्या मधल्या वेळात दुसरा एजंट तीच फाइल तयार करू शकतो. पॉझिक्स प्रणालींत 'फाइल नसेल तरच तयार कर' ही अट एकाच अखंड क्रियेत पाळण्याची सोय फार जुनी आहे. ती साधनाच्या पोटात वापरावी आणि वर्णनात फक्त तिचा परिणाम सांगावा.

"स्कीमा नेमका असला की वर्णन नावापुरते चालते."

या समजुतीला अलीकडे बळ मिळाले आहे. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या 'स्ट्रक्चर्ड आउटपुट्स' या सोयीत मॉडेलचे उत्तर स्कीमाच्या साच्याबाहेर जाणार नाही याची हमी मिळते. ही हमी आकाराची आहे. 'कन्टेन्ट' या रकान्यात अक्षरांची माळ येईल, आकडा येणार नाही, इतकेच ती सांगते. त्या माळेत पूर्ण फाइलचा मजकूर हवा की फक्त बदललेला भाग, हे स्कीमातला 'स्ट्रिंग' हा प्रकार सांगू शकत नाही.

या फरकाची किंमत मोठी आहे. लांब फाइलमधल्या दोन ओळी बदलायच्या असल्या की मॉडेले कधी कधी त्या दोन ओळी लिहितात आणि खाली 'उरलेला कोड पूर्वीप्रमाणेच' अशा अर्थाची टीप देतात. गप्पांच्या खिडकीत ही सवय सोयीची असते, कारण वाचणारा माणूस ती टीप समजून घेतो. सेव्ह करणारे साधन मात्र ती टीप जशीच्या तशी फाइलमध्ये लिहिते आणि उरलेला कोड नाहीसा होतो. स्कीमाच्या लेखी ही मागणी अगदी बिनचूक असते. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहावे लागते: 'फाइलचा संपूर्ण मजकूर द्यावा. येथे दिलेला मजकूर हीच पूर्ण फाइल होईल. थोडा भाग बदलायचा असेल तर संपादनाचे साधन वापरावे.' यातले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे, कारण त्यात मनाईसोबत पर्यायही दिला आहे. एन्कोडिंगचीही तीच गत आहे. मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहिला जाईल, ओळींचा शेवट आहे तसाच राहील, चित्रासारख्या बायनरी फाइलसाठी हे साधन नाही, या तीन गोष्टी स्कीमातल्या प्रकारांवरून कोणालाही कळणाऱ्या नाहीत.

"पाथबद्दल ठळक सूचना दिली की मॉडेल ती पाळते."

सूचना दिली की पाळली जाते, ही अपेक्षा गैर नाही. चांगली मॉडेले बहुतेक सूचना पाळतातही. पण सापेक्ष पाथ ही अशी जागा आहे की जिथे सूचना पाळूनही चूक होते. 'रिपोर्ट्स' फोल्डरातली फाइल सेव्ह करायची असे मॉडेल म्हणते, तेव्हा ते स्वतः कोणत्या फोल्डरात उभे आहे असे धरून चालले आहे? पाच पावलांपूर्वी एखाद्या आज्ञेने चालू फोल्डर बदललेला असतो आणि मॉडेलच्या हिशेबात ते राहिलेले नसते. फाइल तयार होते, निकाल यशाचा येतो, फक्त ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते.

अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंट-बांधणीवर जो लेख प्रसिद्ध केला त्यात नेमका हाच अनुभव नोंदवला आहे. सॉफ्टवेअरमधल्या खऱ्या चुका दुरुस्त करण्याच्या 'एसडब्ल्यूई-बेंच' या परीक्षेसाठी त्यांनी एजंट बांधला. मूळ फोल्डरातून बाहेर पडल्यावर मॉडेल सापेक्ष पाथ देताना चुकत होते. त्यांनी साधनच असे बदलले की पूर्ण पाथ दिल्याशिवाय ते चालूच नये, आणि ती चूक थांबली. या कामात एकंदर सूचनांपेक्षा साधने सुधारण्यावर जास्त वेळ गेला, असेही तिथे म्हटले आहे. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने यातून घ्यायचे ते असे: वर्णनात एखादा इशारा दुसऱ्यांदा लिहावासा वाटला तर आधी साधनाची रचना बदलता येते का ते पाहावे. पूर्ण पाथ बंधनकारक असेल तर वर्णनात चार इशाऱ्यांऐवजी एक वाक्य आणि एक उदाहरण पुरते. रचना न बदलता इशारेच वाढवत नेले की वर्णन लांबते आणि चूक तिथेच राहते.

"बिघाड झाला तर एरर येतेच, तिचे डॉक्युमेंटेशन कशाला?"

ही समजूत युनिक्सच्या संस्कारातून आलेली आहे आणि तो संस्कार मुळात वाईट नाही. काम झाले की गप्प राहायचे, बिघडले तरच बोलायचे, ही रीत टर्मिनलसमोर बसलेल्या जाणकारासाठी उत्तम होती. एजंटला मात्र रिकामा निकाल म्हणजे यश की काहीच घडले नाही हे कळत नाही. प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या 'एसडब्ल्यूई-एजंट'मध्ये म्हणूनच एक साधी सोय केली होती: आज्ञेने काहीच छापले नाही तर 'आज्ञा यशस्वी झाली, तिने काही छापले नाही' असे मॉडेलला शब्दांत सांगितले जाई. त्याच एजंटमध्ये संपादनानंतर कोडची रचना मोडत असेल तर ते संपादन नाकारून चूक दाखवली जाई.

एमसीपीत बिघाडाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. मागणीच चुकीच्या साच्यात आली, साधन अस्तित्वातच नाही, असे बिघाड प्रोटोकॉलच्या पातळीवर नोंदले जातात. डिस्क भरली, फोल्डर सापडला नाही, परवानगी नाही, असे साधन चालतानाचे बिघाड मात्र निकालातच, 'ही चूक आहे' अशी खूण लावून परत करायचे असतात. कारण उघड आहे: निकाल मॉडेल वाचते आणि वाचले तरच सुधारू शकते. तरीही पुष्कळ साधने 'एरर १३' एवढेच परत करतात. लिनक्स जाणणाऱ्याला तो परवानगीचा नकार आहे हे ठाऊक असते, पण पुढे काय करायचे हे त्यालाही त्या आकड्यातून कळत नाही. 'फोल्डर अस्तित्वात नाही. हे साधन फोल्डर तयार करत नाही. आधी फोल्डर तयार करण्याचे साधन वापरावे' हा निकाल त्याच क्षणी लागणारे डॉक्युमेंटेशन आहे. ते वर्णनात आधीपासून भरून ठेवण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा देणे केव्हाही बरे.

यशाच्या निकालाकडेही तितकेच लक्ष हवे. 'झाले' एवढ्यावर थांबू नये. प्रत्यक्षात वापरलेला पूर्ण पाथ, लिहिलेले बाइट, आणि फाइल नवी तयार झाली की जुनी बदलली, हे परत करावे. जास्तीची बढाईही नको. लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिले आहे की लिहिण्याची क्रिया यशस्वी झाली म्हणजे माहिती डिस्कवर पक्की बसली असे होत नाही. त्यासाठी वेगळी 'एफसिंक' क्रिया करावी लागते. साधन ती करत नसेल तर 'कायमस्वरूपी जतन केले' असे शब्द निकालात नसावेत. मॉडेल ते शब्द उचलून वापरणाऱ्या माणसाला जसेच्या तसे सांगते.

"'या फोल्डराबाहेर लिहू नये' असे वर्णनात घातले की साधन सुरक्षित झाले."

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हा. तो पटतो, कारण रोजच्या वापरात मॉडेल ती सूचना पाळताना दिसते. पण वर्णन हा मॉडेलपुढच्या मजकुराचा एक भाग आहे, आणि त्याच मजकुरात बाहेरून वाचलेली पाने, ईमेल, दुसऱ्यांच्या फाइलीही येतात. त्यांपैकी कशात 'अमुक फाइल अमुक ठिकाणी लिहा' असे दडवलेले असेल तर दोन सूचनांची झुंज लागते आणि तिचा निकाल कोणी हमीने सांगू शकत नाही. या हल्ल्याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव २०२२ मध्येच मिळाले. कोणाचा वाईट हेतू नसतानाही सूचना मोडली जाते: जुलै २०२५ मध्ये एका कोडिंग-एजंटने, कोणताही बदल करू नये असे सांगितलेले असताना, चालू डेटाबेस पुसल्याची घटना गाजली होती.

कुंपण कोडमध्येच हवे, आणि तिथेही ते घालणे वाटते तितके सोपे नाही. एमसीपीच्या ज्या नमुना फाइलसिस्टम सर्व्हरच्या वर्णनाचा वर चांगला दाखला दिला, त्याच्याच कुंपणात २०२५ मध्ये दोन भोके सापडली. परवानगी दिलेल्या फोल्डराच्या नावाने पाथ सुरू होतो का, एवढेच तपासले जात होते. त्यामुळे तेच नाव आणि पुढे आणखी अक्षरे असलेला शेजारचा फोल्डरही मान्य होई. दुसरे भोक सिम्बॉलिक लिंकचे होते: आतली दिसणारी लिंक प्रत्यक्षात बाहेर घेऊन जाई. पुढच्या आवृत्तीत दोन्ही बुजवली गेली. वर्णनातले 'फक्त परवानगी दिलेल्या फोल्डरांत' हे वाक्य मात्र भोके असतानाही होते.

साधनाला लावायच्या 'फक्त वाचते', 'विध्वंसक आहे' अशा खुणाही एमसीपीत मार्च २०२५ पासून आहेत. विश्वासाच्या सर्व्हरकडून आल्या नसतील तर त्यांवर विसंबू नये, असे प्रोटोकॉलच सांगतो. ते योग्यच आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचे आहे, त्यानेच स्वतःविषयी भरलेल्या या खुणा असतात.

मग मर्यादा वर्णनात लिहायच्याच कशाला? नकाराची एक फेरी टळावी म्हणून. कोणत्या फोल्डरात लिहिता येते हे आधी कळले तर मॉडेल बाहेर जाण्याचा प्रयत्नच करत नाही. वर्णनातल्या मर्यादेचा उपयोग एवढा आहे आणि तो पुरेसा आहे.

"फाइलचे नाव हा किरकोळ तपशील आहे."

इंग्रजी नावांपुरते हे काही अंशी खरे आहे. मराठी कागदपत्रे हाताळणाऱ्या एजंटला मात्र इथेच पहिली ठेच लागते. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइलप्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'महाराष्ट्र' या शब्दाची १० चिन्हे म्हणजे ३० बाइट होतात. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते, आणि सरकारी विषयाचे पूर्ण शीर्षक नाव म्हणून दिले तर ते सहज ओलांडते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मोजणी वेगळी असल्याने तेच नाव तिथे चालून जाते. विंडोजला नावात अपूर्णविरामाचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ चालत नाही. लिनक्सला तिरकी रेघ सोडून बहुतेक सगळे चालते, पण '१२/०५ ची सभा' असे नाव दिले की ती रेघ फोल्डर आणि फाइल यांमधली खूण ठरते.

आणखी एक खोच खास मराठीची. 'दऱ्या' या शब्दातले जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येते: 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्स बाइट ताडून पाहते, म्हणून त्या दोन वेगळ्या फाइली होतात. मॉडेलने एका रूपात सेव्ह केली आणि दुसऱ्या रूपात उघडायला गेले की 'फाइल सापडली नाही'. कोणती चिन्हे चालतात, मर्यादा अक्षरांत मोजली जाते की बाइटांत, आणि साधन नाव बदलून घेते का, हे वर्णनात असावे. प्रत्यक्षात ठेवलेले नाव निकालात परत यावे आणि पुढच्या प्रत्येक मागणीत तेच वापरावे असेही सांगावे.

"माणसांसाठीचे मॅन्युअल आहे, तेच वर्णनात चिकटवावे."

पूर्ण मॅन्युअल दिले तर काही सुटणार नाही, हा विचार प्रामाणिक आहे. पण साधनाचे वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढच्या मर्यादित जागेत बसते, काम फाइलीचे असो वा नसो. स्थापनेच्या पायऱ्या, आवृत्त्यांचा इतिहास, पडद्यांची चित्रे यांचा तिथे उपयोग नाही. एका वेळी विसापेक्षा कमी साधने द्यावीत असे ओपनएआय सुचवते. वर्णन नीट झाले का हे पाहण्यासाठी त्यांनी सुचवलेली कसोटीही बरी आहे: मॉडेलला दिले तेवढेच वाचून एखाद्या नव्या उमेदवाराला साधन बरोबर वापरता येईल का? येत नसेल तर तो जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे वर्णनात घालावीत.

"वर्णन एकदा लिहिले की काम संपले."

कोड बदलला नाही तर वर्णन कशाला बदलायचे, असा यामागचा तर्क आहे. वाचणारे मॉडेल मात्र बदलत असते, आणि एकाला पुरलेले वाक्य दुसऱ्याला पुरेलच असे नाही. वर्णनाची चाचणी वाचून होत नाही. एजंटला काम देऊन त्याच्या मागण्या आणि निकाल ओळीने तपासावे लागतात. ज्यांच्याकडे असे साधन आधीच चालू आहे त्यांनी एका चाचणी-फोल्डरात 'वार्षिक अहवाल' नावाची भरलेली फाइल ठेवावी, एजंटला त्याच नावाने नवा अहवाल सेव्ह करायला सांगावे, आणि जुनी फाइल उरली का व एजंटने तिच्याबद्दल काय सांगितले, हे दोन्ही पाहावे.